ब्लॅक झिंकचा माल त्याच संध्याकाळी का देत नाही?

सकाळी माल टाकलाय, संध्याकाळी गाडी पाठवू का, हा फोन आम्हाला रोज येतो. ब्लॅक झिंकला, म्हणजे लोखंडी पार्टवर झिंक चढवून वर काळं करायच्या प्लेटिंगला, आमचं उत्तर नाही असंच असतं, त्याचं कारण एकदा नीट सांगतो.

काळा रंग झिंकचा नसतो. झिंक पांढरंच बसतं, साधारण ८ ते १२ मायक्रॉन, मग पॅसिव्हेशनच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या क्रोम केमिकलच्या, टाकीत त्याचाच वरचा थर किंचित खाल्ला जाऊन काळी फिल्म तयार होते आणि त्यावर टॉप कोट, म्हणजे वरचा संरक्षक थर. ही फिल्म टाकीतून निघते तेव्हा जेलीसारखी मऊ असते, ड्रायरमधून हाताला कोरडी लागली तरी आतून पक्की व्हायला साधारण २४ तास जातात. तेवढ्यात जॉब (प्लेटिंग केलेले पार्ट) गोणीत ओतले, वर दुसरी गोणी टाकली, टेम्पोत हादरे बसले की कडा पांढऱ्या दिसायला लागतात आणि मग तक्रार येते की काळं निघतंय, प्लेटिंग कच्चं आहे. प्लेटिंग कच्चं नसतं हो, माल घाईने उचललेला असतो. मग सगळं अ‍ॅसिडमध्ये काढून पहिल्यापासून परत करायचं, त्यात तुमची डिलिव्हरी अजून लांबते.

ड्रायर वाढवून लवकर द्या असंही सांगतात. ते आम्ही करत नाही, जास्त तापवलं की फिल्मला बारीक तडे जातात आणि सॉल्ट स्प्रेला, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत, पांढरा गंज लवकर येतो.

वेळ खरंच वाचवायचा असेल तर चलनावर दोन गोष्टी लिहा. आटे असतील तर ते कुठल्या गेजने तपासणार ते, कारण ८ मायक्रॉन बसलं की बाहेरच्या आट्यांचा पिच डायमीटर (आट्यांच्या उंचीच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) ३२ मायक्रॉनने वाढतो, तेवढी जागा मशिनिंगमध्येच सोडावी लागते. आणि १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप जास्त ताकदीचे, बोल्ट असतील तर ते आधीच सांगा, प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने ते ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांना प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत १९० ते २२० डिग्रीला बेक करावं लागतं आणि तेही काळं करायच्या आधी, काळं केल्यावर कळलं आणि मग बेक केलं तर फिल्म जळते.

आमचं पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट (कमी विषारी प्रकारच्या क्रोमचं) आहे, एक्सपोर्टवाल्यांना हेक्स क्रोमची, म्हणजे बंधनं असलेल्या विषारी क्रोमची, अडचण येत नाही. मोठे, दिसणारे पार्ट रॅकवर एकेक टांगून लावतो, फिरणाऱ्या बॅरलमध्ये एकत्र टाकत नाही, म्हणून रेट थोडा जास्त पडतो पण ओरखडे पडत नाहीत. नवीन पार्ट असेल तर आधी चार-पाच पीस पाठवा, सॅम्पल करून देतो, शेड पसंत पडली की मग लॉट टाका.