‘हॉलिडे इन’ आणि ‘व्हाइट ख्रिसमस’: गाणं एक, चित्रपट दोन

‘हॉलिडे इन’ म्हटलं की आपल्याकडे आधी हॉटेल डोळ्यांसमोर येतं. संबंध आहेच, फक्त क्रम उलटा. १९५२ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला त्या साखळीतलं पहिलं हॉटेल निघालं, तेव्हा त्याला नाव मिळालं ते दहा वर्षं जुन्या एका चित्रपटावरून. हा १९४२ चा चित्रपट आणि १९५४ चा ‘व्हाइट ख्रिसमस’ यांची नाताळात हमखास अदलाबदल होते. त्यात गोंधळणाऱ्याचा दोष थोडा. दोन्हींत बिंग क्रॉस्बी, दोन्हींत अर्व्हिंग बर्लिनची गाणी, दोन्ही पॅरामाउंटचे. दोन्हींत गाणारा-नाचणारा जोडीदार आहे, शहरापासून दूरचं एक हॉटेल आहे आणि ते चालवण्याची धडपड आहे. वर कहर म्हणजे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणं पडद्यावर पहिल्यांदा आलं ते ‘व्हाइट ख्रिसमस’ या चित्रपटात नव्हे, ‘हॉलिडे इन’मध्ये.

दुसरा चित्रपट पहिल्याची नवी आवृत्ती आहे, असंही बरेचदा सांगितलं जातं. तसं नाही. कथा वेगळी, पात्रं वेगळी, दिग्दर्शकही वेगळे: पहिल्याचा मार्क सँड्रिच, दुसऱ्याचा मायकेल कर्टिझ.

टीव्ही मध्येच लावला आणि समोर क्रॉस्बी दिसला, तर कोणता चित्रपट ते ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याच्या शेजारचा माणूस. सडपातळ, टेलकोटातला, पावलं जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी असा नाचणारा फ्रेड अ‍ॅस्टेअर असेल तर ‘हॉलिडे इन’. लालसर केसांचा, डोळे फिरवून विनोद करणारा डॅनी के असेल तर ‘व्हाइट ख्रिसमस’. सैनिकी गणवेश, जनरलसाहेब किंवा गाणाऱ्या दोन बहिणी दिसल्या तरी दुसराच. रंगावर मात्र विसंबू नका. ‘हॉलिडे इन’ मुळात कृष्णधवल आहे, पण त्याची संगणकाने रंगवलेली प्रतही बाजारात आहे. ती घेऊ नये. कृष्णधवल छायाचित्रणासाठी लावलेल्या प्रकाशावर नंतर रंग चढवला की चेहरे मेणाचे वाटतात.

आता गाण्याबद्दल, कारण खरा गुंता तिथेच आहे. क्रॉस्बीने ते लोकांसमोर पहिल्यांदा गायलं २५ डिसेंबर १९४१ ला, रेडिओवर. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. २९ मे १९४२ ला डेक्का कंपनीसाठी त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि चित्रपट आला तो ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये. पुढच्या वर्षी गाण्याला ऑस्कर मिळालं. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं, आणि त्याचं कारण शब्दांतच आहे. गाणारा बर्फात उभा नाही, तो बर्फाची आठवण काढतोय. मूळ गाण्याला एक सुरुवातीचं कडवंही आहे. त्यात तो लॉस एंजेलिसमध्ये आहे, ऊन पडलंय, संत्र्याची आणि ताडामाडांची झाडं डुलताहेत आणि डिसेंबरची २४ तारीख आहे. हे कडवं सहसा गाळतात. गोव्यात किंवा वसईत नाताळ करणाऱ्याला खरं तर तेच जास्त जवळचं वाटेल. बर्लिन स्वतः ज्यू, रशियन साम्राज्यात जन्मलेला. १९२८ च्या नाताळच्या दिवशीच त्याचं तान्हं बाळ गेलं होतं. गाण्यातली उदासी तिथून आली असं ठासून सांगण्यात अर्थ नाही, पण हे कळल्यावर ते गाणं पहिल्यासारखं ऐकू येत नाही एवढं खरं.

तुम्ही रेडिओवर किंवा दुकानात ऐकता ते मात्र बहुतेक वेळा १९४२ चं ध्वनिमुद्रण नसतं. तबकड्या इतक्या छापल्या गेल्या की मूळ मास्टर, म्हणजे ज्यावरून तबकड्या छापतात ते मूळ मुद्रण, झिजला. म्हणून १८ मार्च १९४७ ला क्रॉस्बीने तोच वाद्यवृंद आणि तेच कोरसगायक घेऊन गाणं पुन्हा मुद्रित केलं. फरक ओळखायचा तर सुरुवातीचे स्वर ऐका. बासरी आणि घंटीसारखा किणकिणणारा चेलेस्टा असेल तर ते १९४७ चं.

‘हॉलिडे इन’ला नाताळपट म्हणावं का, हा वादाचा मुद्दा आहे. माझ्या मते तो वर्षभराच्या सणांचा चित्रपट आहे. जिम (क्रॉस्बी) रंगभूमीच्या धावपळीला कंटाळून कनेटिकटमध्ये शेती करायला जातो. शेती जमत नाही, तेव्हा फक्त सणासुदीलाच उघडं राहणारं हॉटेल काढतो. नववर्ष, लिंकनचा वाढदिवस, व्हॅलेंटाइन, वॉशिंग्टनचा वाढदिवस, ईस्टर, चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन), थँक्सगिव्हिंग आणि पुन्हा नाताळ, असं कॅलेंडर उलटत जातं आणि प्रत्येक पानाला एक गाणं. थँक्सगिव्हिंगच्या पानावर एक टर्की पक्षी दोन गुरुवारांमध्ये भांबावून उड्या मारते. आजच्या प्रेक्षकाला हा विनोद कळत नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३९ मध्ये नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणारा हा सण एक आठवडा अलीकडे आणला, काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही, आणि डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) चौथा गुरुवार कायदा करून नक्की केला. टर्की बिचारी त्या घोळातली. चार जुलैला अ‍ॅस्टेअर जमिनीवर फटाके आपटत टॅप नाचतो. बाकी काही पाहायला वेळ नसेल तर तेवढं पाहा.

याच चित्रपटात एक जागा अशी आहे की मुलांसोबत बसण्याआधी ती मोठ्यांनी माहीत करून घ्यावी. लिंकनच्या वाढदिवसाच्या ‘अब्राहम’ या गाण्यात क्रॉस्बी आणि इतर गोरे कलाकार तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात. गुलामी संपवणाऱ्या माणसाच्या गौरवाला हे. काही वाहिन्या हे गाणं कापतात, पण त्याने कथेला भोक पडतं. नववर्षाच्या रात्री दारूच्या नशेत टेड (अ‍ॅस्टेअर) एका मुलीबरोबर नाचलेला असतो आणि शुद्धीवर आल्यावर तिला शोधत असतो. ती मुलगी म्हणजे जिमच्या हॉटेलात गाणारी लिंडा. ती त्याला सापडू नये म्हणून जिम तिचा चेहरा रंगवतो, आणि तो रंग लावता लावताच दोघांत लग्नाची गोष्ट निघते. हा भाग कापलेली प्रत पाहिली तर पुढे जिम एवढा हक्क का दाखवतो ते कळत नाही. तेव्हा शक्यतो पूर्ण प्रत लावा, हे गाणं येण्याआधी थांबवा आणि मुलांना हे काय होतं ते दोन वाक्यांत सांगून मग पुढे जा.

‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये असला चेहरा रंगवण्याचा प्रकार नाही. चेहरा रंगवून होणाऱ्या त्या जुन्या खेळांची आठवण काढणारं एक गाणं तेवढं आहे. हा खरा नाताळचा चित्रपट. सुरुवात १९४४ च्या नाताळच्या आदल्या रात्री, युरोपातल्या आघाडीवर, सैनिकांसमोर क्रॉस्बी ते गाणं म्हणतो तिथे. मग थेट दहा वर्षांनी, व्हरमाँटमधलं पाइन ट्री गाव. क्रॉस्बी आणि के यांच्या सैन्यातल्या जुन्या जनरलने तिथे हॉटेल टाकलंय, हिवाळा आला तरी बर्फ पडत नाही, आणि बर्फ नाही तर गिऱ्हाईक नाही. जनरलच्या भूमिकेत डीन जॅगर, दोन बहिणींच्या भूमिकांत रोझमेरी क्लूनी (जॉर्ज क्लूनीची आत्या) आणि व्हेरा-एलन. शेवटी लाल पोशाखात चौघं पुन्हा तेच गाणं गातात, मागची दारं उघडतात आणि बाहेर बर्फ पडत असतो. गाणं पहिल्या काही मिनिटांत आणि शेवटच्या काही मिनिटांत आहे. उशिरा येऊन बसलेला आणि आधी उठलेला माणूस दोन्हीला मुकतो!

मधला भाग मात्र ताणलेला आहे. हॉटेलातली एमा टेलिफोनवरचं अर्धवट संभाषण ऐकून बेटीला (क्लूनी) सांगते, तिचा गैरसमज होतो आणि कोणीतरी एक सरळ प्रश्न विचारला असता तर मिटलं असतं ते बराच वेळ चालतं. लहान मुलं इथेच उठतात. चहा-फराळ तेव्हा ठेवावा. रेल्वेतलं ‘स्नो’ आणि बहिणींच्या गाण्याची क्रॉस्बी आणि के यांनी निळे पंखे हलवत केलेली नक्कल, ही दोन मात्र सोडू नयेत. त्या नकलेत क्रॉस्बीला आवरत नाही ते हसू खरं आहे.

डॅनी केच्या भूमिकेसाठी आधी अ‍ॅस्टेअरलाच विचारलं होतं. तो नको म्हणाला. त्याच्या जागी घेतलेला डोनाल्ड ओकॉनर आजारी पडला आणि मग डॅनी के आला. अ‍ॅस्टेअर आणि क्रॉस्बी ही जोडी बर्लिनच्या गाण्यांवर रंगीत चित्रपटात पाहायची असेल तर तो तिसराच, १९४६ चा ‘ब्लू स्काइज’. त्यातही क्रॉस्बी या गाण्याचा तुकडा म्हणतो, म्हणजे गोंधळात आणखी भर.

टीव्हीच्या सेटिंगकडे एकदा पाहा. ‘हॉलिडे इन’ची चौकट जवळपास चौकोनी, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते दिसत नसतील तर टीव्ही चित्र ताणतोय आणि अ‍ॅस्टेअर जाडा दिसणार. ‘व्हाइट ख्रिसमस’ हा व्हिस्टाव्हिजन पद्धतीने आलेला पहिला चित्रपट. यात ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यात आडवी सरकते, त्यामुळे एकेका चित्राला जवळपास दुप्पट जागा मिळते. चौकटही रुंद आहे, म्हणून तो आजच्या रुंद टीव्हीवर जवळजवळ पूर्ण बसतो आणि त्याचे लाल-हिरवे रंग मोठ्या पडद्यावर जास्त खुलतात. लांबी पहिल्याची १०० मिनिटं, दुसऱ्याची १२०.

दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील ही आशा ठेवू नका. १९५८ मध्ये पॅरामाउंटने १९५० पूर्वीचे आपले बहुतेक बोलपट विकले. त्यामुळे ‘हॉलिडे इन’ आज युनिव्हर्सलकडे आहे आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ पॅरामाउंटकडेच राहिला. शिवाय ‘हॉलिडे इन’ शोधताना त्याच नावाच्या ब्रॉडवे नाटकाचं चित्रीकरण पुढे येतं. नावासोबत १९४२ टाकावं. गाण्यांची तबकडी घेतानाही जपून. रोझमेरी क्लूनी कोलंबिया कंपनीशी करारबद्ध होती, म्हणून डेक्काने काढलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’च्या अल्बमवर तिच्या जागी पेगी ली गाते. पडद्यावर ऐकलेला क्लूनीचा आवाज त्या अल्बमवर मिळणार नाही.