गाडी लीन चालतेय? आधी विचारा, कधी?

कार्बुरेटरवाली मारुती 800 सिग्नलला थरथरते, रेस दिली की क्षणभर गुदमरते, मधूनच कार्बुरेटरच्या तोंडून ‘फट्’ करते. गॅरेजात निकाल ठरलेला: कार्बुरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, खोला. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी खोलावा.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा त्याहून बरीच जास्त झाली, म्हणजेच मिश्रण लीन झालं, की ज्योत रेंगाळते. इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत धग उरते, ताजं मिश्रण तिथेच पेटतं आणि ज्वाळा उलटी कार्बुरेटरकडे येते. तोच तो ‘फट्’. उशिरापर्यंत चाललेल्या या जळण्याची झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही बसते.

खात्री करायला अवजार लागत नाही. इंजिन पूर्ण गरम असताना, आयडलिंगवर (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू), चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ, किंचित ओढा. धडधाकट इंजिन जास्तीच्या पेट्रोलने जड होईल. उलट ते सुधारलं, तर मिश्रण लीन आहे.

आता खरा प्रश्न: हवा जास्त येतेय की पेट्रोल कमी पडतंय? आयडलिंगला थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमध्ये, पाऱ्याच्या 450 ते 500 मिलिमीटरइतकी ओढ असते. मुळात इंजिन तेव्हा हवा घेतं थोडीच, त्यामुळे केसाएवढ्या फटीतून शिरणारी हवाही हिशेब बिघडवते. थ्रॉटल पूर्ण उघडला की ओढ कमी होते, आणि एकूण हवेपुढे ती गळती नगण्य ठरते. म्हणून सिग्नलला रडणारी पण हायवेवर शहाणी गाडी म्हणजे हवेची गळती. सिग्नलला गुणी, पण खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये झटके खाणारी म्हणजे पेट्रोलची टंचाई: फिल्टर, पंप, फ्लोटची (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलची) पातळी किंवा चोंदलेला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र.

गळती शोधायला काही मिस्त्री चालू इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टशेजारी हा खेळ नकोच. साध्या पाण्याचा बारीक फवारा कार्बुरेटरखालच्या गास्केटवर, मॅनिफोल्डच्या सांध्यावर, रबरी नळ्यांच्या टोकांवर मारा. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी मात्र कोरड्या ठेवा. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. ब्रेक बूस्टरची (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी पकडीने अलगद दाबून पाहा. आयडलिंग सुधारलं तर चोर नळीत किंवा बूस्टरमध्ये. नळी वरून छान दिसते, चीर असते क्लिपखाली.

प्लगचा रंगही बोलतो, पण चढावर जोर लावून लगेच इंजिन बंद केलं तरच. टोकाचा चिनी मातीचा इन्सुलेटर खडूसारखा पांढरा असेल तर तो लीनकडे बोट दाखवतो. अर्थात, ‘कॉफीसारखा तपकिरी हवा’ हा जुना दंडक शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला. ते पेट्रोल 2000 मध्ये देशभर बंद झालं. आता निरोगी प्लगही फिकटच दिसतो.

गळती नाही, टंचाई नाही, तरी गाडी लीनच? मग पंपावरचं पेट्रोल आठवा. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला 14.7 ऐवजी साधारण 13.5 ग्रॅम हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बुरेटरचा जेट मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो, म्हणून हवा जास्त ठरते आणि मिश्रण लीन होतं. अशा वेळी मेन जेट एक नंबर मोठा बसवून, पुन्हा चढावर नेऊन प्लग तपासावा.