ओपल वेचणी

ओपल वेचणी : खाणीतून उपसून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांत राहून गेलेले ओपल (रंगांची झळक दाखवणारे एक रत्न) हाताने, दाताळ्याने किंवा चाळणीने शोधण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील जुन्या ओपल क्षेत्रांत ती रूढ आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पीडी येथे तिला ‘नूडलिंग’ म्हणतात, तर न्यू साउथ वेल्समधील लाइटनिंग रिजकडे ‘स्पेकिंग’ व ‘फॉसिकिंग’ हे शब्द अधिक ऐकू येतात. रंगांची झळक नसलेल्या, बिनमोलाच्या ओपलला सगळीकडे ‘पॉच’ हीच संज्ञा आहे.

‘ओपल’ या शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. लॅटिन ‘ओपालस’ व ग्रीक ‘ओपालियोस’ ही रूपे संस्कृत ‘उपल’वरून आली, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. काही जण लॅटिन शब्दाचा संबंध ऑप्स या रोमन देवतेशी, तर काही ग्रीक शब्दाचा संबंध ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. मात्र ग्रीक रूप लॅटिनच्या मानाने उशिरा आढळत असल्याने शेवटचे मत दुबळे ठरते. ‘उपल’ हा मुळात रत्नवाचक शब्द नाही. अमरकोशात तो पाषाण, प्रस्तर, ग्रावन्, अश्मन् यांच्या रांगेत साध्या दगडासाठी येतो. ऋग्वेदातील ‘उपलप्रक्षिणी नना’ (९.११२.३) म्हणजे दगडाने धान्य भरडणारी आई. वैदिक विधींतील दृषद्-उपला ही जोडी तर आपल्या पाटा-वरवंट्यासारखीच. ‘दगड’ या अर्थापासून एका विशिष्ट रत्नापर्यंतचा प्रवास व्यापाराच्या वाटेवर झाला असावा. प्लिनी या रोमन लेखकाने ओपलचे उगमस्थान भारत सांगितले आहे. तथापि रोमनांकडे येणारे ओपल बहुतांशी कार्पेथियन पर्वतातून, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातून येत असावेत, असे सामान्यतः मानले जाते. असे असले तरी शब्द भारतीय असण्यास बाध येत नाही. संस्कृत व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते.

कूबर पीडी हे नाव १९२० मध्ये रूढ झाले. ते ‘कुपा पिटी’ या स्थानिक आदिवासी शब्दांवरून घेतले असून ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा त्याचा प्रचलित अर्थ दिला जातो. ‘कुपा’चा मूळ अर्थ दीक्षा न झालेला पुरुष असा होता, असेही एक मत आहे.

ओपल म्हणजे पाणीयुक्त सिलिका (वाळूतील मुख्य द्रव्य). त्यात पाण्याचे प्रमाण साधारणतः ६ ते १० टक्के असते. १९६४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, की मौल्यवान ओपलमध्ये सुमारे १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे गोल नीट रचलेले असतात आणि या रचनेतून प्रकाशाचे विवर्तन होऊन (म्हणजे प्रकाश वळून, विभागून) रंग उमटतात. मोठ्या गोलांपासून तांबडा रंग मिळतो, लहानांपासून निळा. पॉचमध्ये ही रचना विस्कळीत असते. कूबर पीडीचे ओपल क्रिटेशस या प्राचीन भूवैज्ञानिक काळातील सागरी गाळाच्या, खोलवर अपक्षय (हवापाण्याने होणारी झीज) झालेल्या खडकात सापडतात. सिलिका खोल अपक्षयामुळे सुटून भेगांत साचली, हे मत दीर्घकाळ मान्य होते. भूहालचालींना किंवा सूक्ष्मजीवांना महत्त्व देणारी मते नंतर पुढे आली. अपक्षयाचा आधार घेणारी उपपत्ती अजूनही अधिक समाधानकारक आहे.

कूबर पीडी क्षेत्राचा आरंभच वेचणीने झाला, ही गोष्ट खाणींच्या वर्णनात मागे पडते. १ फेब्रुवारी १९१५ रोजी सोन्याच्या शोधात निघालेल्या तुकडीतील विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला जमिनीवर पडलेले ओपलचे तुकडे मिळाले. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी स्त्रीला त्याच क्षेत्रातील एट माइल येथे ओपल सापडले आणि मंदावलेल्या क्षेत्रात पुन्हा गर्दी झाली. वेचणीवर पुढेही अनेक आदिवासी कुटुंबांचा चरितार्थ चालला. त्यांच्याविषयी लिखित नोंदी तुटपुंज्या आहेत, आणि ही मोठी उणीव आहे.

प्रत्यक्ष वेचणीत ढिगाऱ्यावर गुडघे टेकून दाताळ्याने वरचा थर ओढतात, चाळतात आणि संशयित खडा ओला करून उन्हात फिरवतात. कोरड्या मातीने माखलेला ओपल खडूच्या तुकड्यासारखा दिसतो. पाणी लागताच रंग वर येतो. म्हणूनच पावसानंतरची सकाळ अनुभवी वेचणाऱ्यांना मोलाची वाटते. नवख्याला फसवते ते जिप्सम हे मऊ खनिज. त्याचे काचेसारखे पापुद्रे ढिगाऱ्यावर सर्वत्र चमकतात; पण जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, ओपलवर उठत नाही.

बोगदे खोदणारी यंत्रे आल्यावर बारीक ओपल मातीबरोबर मोठ्या प्रमाणात बाहेर जाऊ लागले. ते टिपण्यासाठी यांत्रिक वेचणी निघाली. तीत अंधाऱ्या खोलीत सरकत्या पट्ट्यावरून माती जाते, अतिनील दिव्याखाली ओपल व पॉच दोन्ही पांढुरके उजळतात आणि पट्ट्याजवळ बसलेला माणूस ते उचलतो. लाइटनिंग रिजला काँक्रीट मिसळण्याच्या जुन्या पिंपांत माती धुतात.

कोणाच्या खाणकामाच्या दाव्याखालील जमिनीवर मालकाच्या परवानगीवाचून वेचता येत नाही. कूबर पीडीत ‘ज्वेलर्स शॉप’ नावाची जागा सर्वांना खुली आहे. ढिगाऱ्यांच्या आजूबाजूला उघड्या विहिरींसारखे उभे खड्डे असल्याने छायाचित्र काढताना मागे सरकू नये, अशा पाट्या लावलेल्या असतात.

वेचणीत मिळणारे तुकडे बहुधा पातळ असतात. त्यांना मागून काळा थर चिकटवून ‘डब्लेट’, आणि वर पारदर्शक आवरणही घातले तर ‘ट्रिप्लेट’ करतात. महाराष्ट्रात दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत अकीक व कॅल्सेडोनीबरोबर सामान्य ओपल आढळते.