‘दहा प्लाय’ म्हणजे दहा थर नव्हेत

जड पिकअपला टायर घेताना अजूनही सांगितलं जातं, “दहा प्लायचा घ्या, आत दहा थर असतात.” हे सुती धाग्यांच्या टायरच्या काळातलं गणित आहे. आजच्या रेडियल टायरची बाजूची भिंत नीट वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली) २ पॉलिएस्टर, २ स्टील, १ नायलॉन, भिंतीत २ पॉलिएस्टर’ अशी नोंद सापडेल. दहा प्लाय, म्हणजेच ‘लोड रेंज ई’, हा ताकदीचा दर्जा आहे, थरांची मोजणी नाही.

खरा आकडा लोड इंडेक्सचा, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचा. ‘एलटी २४५/७५ आर १७, १२१/११८’ यात एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, पुढचे आकडे मापाचे; १२१ म्हणजे एकेरी चाकाला १४५० किलो, ११८ म्हणजे जोडचाकात (एका बाजूला दोन चाकं) प्रत्येकी १३२० किलो. त्याच मापाचा, ११२ इंडेक्सचा कारचा टायर ११२० किलोचा. पिकअपवर हा आकडा १.१ ने भागून साधारण १०१८ धरायचा. माप जुळलं म्हणून कारचा टायर घेऊ नका! दोन टायरची बेरीज दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधल्या मागच्या एक्सलच्या भारापेक्षा कमी नको.

आणि १४५० किलो पेलले जातात ते हवेचा दाब ८० पीएसआय असतानाच. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते, तापते, शेवटी टायर फुटतो. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, त्यामुळे जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह मागून घ्या. रिमवरची दाबाची मर्यादाही तपासा.