नाकाचा पडदा सरळ करणं आणि नाकाचा आकार बदलणं

कुणाचं ‘नाकाचं ऑपरेशन’ झालं म्हटलं की ऐकणारा आधी नाक निरखून बघतो. सेप्टोप्लास्टी झाली असेल तर त्याला काहीच दिसणार नाही. दिसला फरक, तर ती ऱ्हायनोप्लास्टी.

सेप्टोप्लास्टीत दोन नाकपुड्यांमधला पडदा सरळ करतात. हा पडदा पुढे कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक ऊतीचा, आणि मागे हाडाचा असतो. तो फार वाकला की श्वास अडतो. ‘हाड वाढलंय’ म्हणतात ते बहुधा हेच. सगळं काम आतून होतं. अ‍ॅलर्जीच्या शिंका मात्र याने थांबत नाहीत.

ऱ्हायनोप्लास्टीत उंचवटा तासतात, शेंडा उचलतात, रुंद नाकाची हाडं कापून जवळ आणतात. काही वेळा नाकपुड्यांमधल्या त्वचेच्या पट्टीवर बारीक छेद घेतात. मग साधारण आठवडाभर नाकावर स्प्लिंट (आधाराचं कडक आवरण) आणि डोळ्यांखाली काळंनिळं. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची पुरती उतरायला वर्षही लागतं. त्यामुळे महिन्याभरात आरशापुढे उभं राहून ‘बिघडलं’ म्हणण्यात अर्थ नाही. फेरदुरुस्ती करायची असली तरी सर्जन सहसा वर्षभर थांबायला सांगतात.

खरी गुंतागुंत पुढे आहे. आकार देण्यासाठी कूर्चा लागली तर ती बऱ्याचदा पडद्यातूनच घेतात. पण पडद्याची वरची आणि पुढची किमान १ सेंटीमीटरची पट्टी राखावी लागते, नाहीतर नाक खचतं. उलट, हौसेने नाक फार बारीक केलं तर आतली श्वासाची वाटच आवळते. म्हणून ‘मला फक्त आकार हवाय’ म्हणणाऱ्याचाही श्वास आधी तपासायला हवा.

नाकाशेजारचा गाल बोटांनी हलकेच बाहेर ओढून श्वास घेऊन बघा. त्याने चटकन मोकळं वाटलं तर अडचण त्या अरुंद वाटेत असू शकते, आणि नुसता पडदा सरळ करून भागेलच असं नाही. अर्थात हा फक्त इशारा. निदान कान-नाक-घसा तज्ज्ञच करतील.

पडदा वाकल्यामुळे नाक बाहेरूनही तिरकं दिसत असेल तर दोन्ही कामं सहसा एकाच वेळी करतात. पडदा तसाच ठेवून नुसतं वरचं नाक सरळ केलं, तर ते पुन्हा त्याच बाजूला ओढलं जाण्याची भीती असते.