सुटा चहा घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सर्व ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

दुकानात चहा घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा : "रंग चांगला उतरतो ना?" प्रश्न रास्त आहे; परंतु कपातला रंग जितका पानावर अवलंबून असतो तितकाच दाण्याच्या आकारावर, पाण्यावर, उकळण्यावर आणि क्वचित भेसळीवरही असतो, हे ध्यानात घेतल्यास निवड अधिक नेमकी होईल.

काळा, हिरवा, ऊलाँग आणि पांढरा हे चहा वेगवेगळ्या झाडांचे असतात, ही समजूत बरोबर नाही. हे सर्व कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून होतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : दार्जिलिंगसारख्या थंड, उंच भागाला मानवणारा लहान पानाचा चिनी प्रकार आणि मोठ्या पानाचा आसामी प्रकार. खरा फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. हिरव्या चहासाठी पानांना लवकरच वाफ किंवा कढईची आच देतात, त्यामुळे रंग बदलणारी विकरे निकामी होतात आणि पान हिरवे राहते. काळ्या चहासाठी पाने साधारण 12 ते 18 तास कोमेजू देतात, नंतर ती चुरडून हवेवर ठेवतात आणि शेवटी भट्टीत वाळवतात. चिरून ठेवलेले वांगे ज्या क्रियेने काळे पडते, त्याच जातीची क्रिया येथे घडते. ती हवेमुळे होते, जंतूंमुळे नव्हे; म्हणून काळा चहा 'आंबवलेला' असतो असे म्हणणे योग्य नाही. ऊलाँगमध्ये ही क्रिया अर्ध्यावर थांबवतात, तर पांढऱ्या चहासाठी कोवळे कोंब केवळ कोमेजवून वाळवतात.

आपल्याकडे घरोघरी लागणारा दाणेदार चहा सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीचा असतो. ही पद्धत 1930च्या दशकात आसामात सुरू झाली. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान दाबले, फाडले आणि वळवले जाते व त्याचे गोळीदार दाणे बनतात. वाळल्यावर हे दाणे चाळण्यांतून वेगळे करतात. आकारानुसार त्यांना नावे आहेत : बीपी व बीओपी हे मोठे, पीएफ मध्यम आणि पीडी व डस्ट हे बारीक. 'डस्ट म्हणजे कारखान्यातला केर' हा गैरसमज फार जुना आहे, आणि आमच्या मते सर्वांत अन्यायकारकही. डस्ट त्याच पानाचा असतो. बारीक असल्याने पाण्याशी त्याचा अधिक संबंध येतो व रंग, कडकपणा झटपट उतरतो. हॉटेलवाल्यांना, ज्यांना एका भांड्यात पटापट कप काढायचे असतात, तो परवडतो. घरी मात्र मोठा दाणा घेऊन तो दोन-तीन मिनिटे जास्त उकळावा. स्वाद चांगला येतो. बारीक दाणा चमच्यात दाटून बसतो, त्यामुळे त्याच चमच्यात वजन अधिक जाते. तेव्हा मोठ्या दाण्याऐवजी डस्ट घेतल्यास प्रमाण कमी करावे, अन्यथा चहा कडवट होईल आणि दोष मालाला दिला जाईल.

रंग हवा तितका उतरला म्हणून माल उत्तम ठरत नाही. वापरलेला चोथा वाळवून, त्याला रंग लावून विकण्याचे प्रकार बाजारात घडतात. घरीच पडताळायचे असल्यास गाळणकागदावर थोडा चहा पसरून वर पाण्याचे थेंब शिंपडावेत, थोड्या वेळाने चहा काढून कागद नळाखाली धुवावा व उजेडात धरून पाहावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. रंग लावलेल्या चहाचा राहतो.

सोलापुरात आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. अशा पाण्यात चहाचा रंग मळकट दिसतो, स्वाद दबतो आणि बिनदुधाच्या चहावर तपकिरी तवंग धरतो. चहा बदलण्यापूर्वी एकदा शुद्ध केलेले पाणी वापरून पाहावे. "तुमचा पूर्वीचा माल राहिला नाही" अशी तक्रार आल्यास आम्हीही आधी पाण्याचीच चौकशी करतो.

हिरव्या चहात कॅफीन नसते असे अनेकांना वाटते. ते त्यात असतेच. चहाने वर्ण काळा पडतो, या म्हणण्याला आधार नाही. गवती चहा ही निराळी वनस्पती असून तिच्यात कॅफीन नसते. मात्र जेवणावर लगेच चहा घेऊ नये, हा सल्ला खरा आहे : चहातील टॅनिनमुळे भाकरी, डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. रक्त कमी असणाऱ्यांनी जेवण व चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे.

चहा ओलावा आणि वास दोन्ही चटकन ओढून घेतो. काळ्या मसाल्याच्या किंवा शेंगाचटणीच्या डब्याशेजारी, किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर तो ठेवू नये. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा आणि महिना-दीड महिन्यात संपेल इतकाच न्यावा. दाण्याविषयी निर्णय होत नसेल, तर मोठा व मध्यम अशा दोन्हींच्या लहान पुड्या मागून घ्याव्यात आणि आपल्याच घरच्या पाण्यात व दुधात करून पाहाव्यात.