घडीच्या चाकूचे म्यान

मिटलेला घडीचा चाकू कमरेच्या पट्ट्याला अडकवून बाळगण्यासाठी केलेले चामडी आवरण. तलवारीचे किंवा शिकारी सुऱ्याचे म्यान मुख्यतः धारेसाठी असते. घडीच्या चाकूचे पाते मुठीतच मिटते, म्हणजे मूठ हेच त्याचे पहिले म्यान. त्यामुळे बाहेरच्या चामड्याकडे वेगळी कामे येतात: वजन पेलणे, मिटलेले पाते उघडू न देणे आणि हात गेला की चाकू चटकन हाती देणे. हे लक्षात न घेता सुऱ्याच्या म्यानाचा नमुना लहान करून वापरला, तर तयार होते ती बेढब पिशवी.

प्रत्येक चाकूला म्यान लागतेच असे नाही. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० पासून बनणारा ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू इतका हलका असतो (८ क्रमांकाचा जेमतेम ४५ ग्रॅम) की तो खिशात आहे हेही विसरायला होते. याउलट अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली आणलेला ‘११०’ हा चाकू. पितळी टोके, लाकडी मूठ, पावणेचार इंचांचे पाते आणि सुमारे २०० ग्रॅम वजन. असा ऐवज विजारीच्या खिशात ठेवला तर खिसा लोंबतो आणि काही महिन्यांत उसवतो. म्हणूनच या चाकूबरोबर वर झाकण आणि टिचबटण असलेले काळे चामडी म्यान मिळत आले. घडीच्या चाकूचे म्यान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तेच रूप येते.

तयार म्यान निवडताना लोक चाकूची लांबी तेवढी पाहतात. फसगत होते ती जाडीत. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या चाकूंत ‘स्पार्टन’ सुमारे १५ मिलिमीटर जाड असतो, तर ‘स्विसचॅम्प’ ३३. लांबी एकच, पण दुसऱ्याच्या म्यानात पहिला खुळखुळतो. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पट्ट्याचा बंद, म्हणजे म्यानामागची ज्यातून कमरेचा पट्टा ओवतात ती पट्टी. तो पट्ट्यापेक्षा फार रुंद असला तर चालताना म्यान मागेपुढे सरकत राहते. झाकणाचे म्यान शेतात, डोंगरात, वाकून करायच्या कामात बरे. वरून उघडे म्यान झटपट, पण त्यात चाकू केवळ चामड्याच्या पकडीवर टिकतो, तेव्हा घट्ट साचेबंद नसेल तर ते घेऊ नये. उघड्या म्यानाच्या तोंडाशी अर्धचंद्राकृती खाच असते. तिच्यातून अंगठा आणि बोट मुठीला धरतात. पाते जागी अडकवणारा खटका नसलेल्या, नुसत्या कमानीच्या जोरावर मिटून राहणाऱ्या चाकूसाठी घट्ट म्यान ही सोय नसून गरज आहे.

घरी म्यान करायचे तर चामडे झाडसालीने कमावलेले हवे. कातडे कमावण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक राहते. पर्सला, जॅकेटला ते उत्तम, पण ओले करून दाबले तरी आकार धरत नाही. सालीतल्या टॅनिनने कमावलेले चामडे ओले असताना मळलेल्या कणकेसारखे वळते आणि वाळल्यावर तसेच ताठ राहते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे: कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरायचे, ही तिकडची जुनी रीत. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेच्या कारागिराकडे म्यानाचे बरेचसे कसब आधीच असते. म्यानासाठी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे चामडे पुरते. त्याहून जाड चामडे छोट्या चाकूच्या कडांवर नीट बसत नाही.

मापासाठी सूत्रापेक्षा कागद भरवशाचा. मिटलेल्या चाकूभोवती जाड कागद गुंडाळून, कडेला बोटांनी दाबून घडीची खूण करावी आणि तिच्याबाहेर शिवणीसाठी आठ-दहा मिलिमीटर जागा सोडावी. शिवण्याआधी पट्ट्याच्या बंदाचे टोक रापीने, म्हणजे चामडे तासायच्या सुरीने, पातळ करून घेतात, म्हणजे शिवणीत गाठोडे होत नाही. बंद मागच्या बाजूला आधी शिवायचा असतो. नवशिका हे हटकून विसरतो आणि मग तो शिवून झालेल्या म्यानात हात घालून, चाचपडत शिवावा लागतो. कडा चांभाराच्या सोल्युशनने चिकटवून, तीन-चार मिलिमीटर अंतराने आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवण घालतात. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार, हा खोगिराचा टाका. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. या टाक्यात एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. सुऱ्याच्या म्यानात शिवणीला पाते कापू नये म्हणून मध्ये चामड्याची पट्टी घालावी लागते. इथे तिची गरज नाही. घातलीच तर ती जाड मुठीला जागा करून देण्यापुरती.

नंतर म्यान कोमट पाण्यात बुडवतात. बुडबुडे थांबले की बाहेर काढून, चाकू आत घालून मुठीच्या कडा बोटांनी किंवा गुळगुळीत हाडाने उठवतात. चाकू आधी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला हवा. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की शाई होते, तेच इथे घडते: ओल्या टॅनिनला पोलाद लागले की चामड्यावर काळे डाग पडतात, आणि पाते गंजते ते वेगळेच. लाकडी मुठीचा चाकू असेल तर तोही धोका घेऊ नये. ओल्याने लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. त्याऐवजी त्याच मापाचा लाकडी ठोकळा तासून घ्यावा. म्यान सावलीतच वाळवावे. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवले तर चामडे आखडते आणि ठिसूळ होते. वाळल्यावर कडा पाण्याने किंचित ओल्या करून जाड कापडाने घोटतात आणि वरून मेणाचा हलका हात देतात. तेल भरपूर पाजण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने चामडे पुन्हा नरम पडते आणि मेहनतीने उठवलेला साचा ढिला होतो.

कमरेला म्यान दिसते, म्हणून कायद्याचाही प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये खटका नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकूच सार्वजनिक जागी विनाकारण बाळगता येतो. बक ११० तिथे त्यात बसत नाही. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीकामाचे नसलेले चाकू शस्त्रांत मोडतात.

चाकू कायमचा ठेवायची जागा म्हणून म्यान वाईट. चामडे हवेतली ओल धरून ठेवते आणि पावसाळ्यात कोकणासारख्या ठिकाणी साध्या पोलादावर त्यामुळे लवकर गंज चढतो. पितळी टोकांवर, टिचबटणाच्या मागे हिरवट, मेणचट थर जमतो, तो चामड्यातल्या स्निग्धांशाचा आणि पितळेतल्या तांब्याचा. पितळी भांड्यात ताक कळकते त्याच घराण्यातला हा प्रकार. तो मऊ कापडाने पुसून निघतो, पण चाकू पुन्हा म्यानातच ठेवला तर परत येतो. काम संपले की चाकू पुसून वेगळा आणि म्यान रिकामे ठेवतात.